ग्रासकटर कुणी निवडायचा?

कोकणात पाऊस थांबला की दोन गोष्टी एकदम दिसायला लागतात, आकाश आणि गवत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच. त्यामुळे सप्टेंबर संपेपर्यंत अंगणाच्या कडेला गुडघ्याएवढं, आंब्याच्या बुंध्याशी कमरेएवढं आणि गडग्याच्या पलीकडे माणूस बसला तर दिसणार नाही एवढं गवत उभं असतं. मग घराघरांत एकच प्रश्न असतो, यंदा बेणणी कोण करणार?

बेणणी म्हणजे बागेतलं, परसातलं गवत-झुडूप कापून जमीन मोकळी करणं. आमच्याकडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. निम्म्या घरांतले कर्ते पुरुष आखातात, उरलेल्यांतले बरेचसे मुंबईत. घरं मोठी, आवारं मोठी, आणि घरात माणसं म्हणाल तर एक म्हातारी, एक सून आणि शाळेत जाणारी पोरं. पैसे येतात, पण गवत पैशाने कापलं जात नाही. ते कुणाच्या तरी हाताने कापावं लागतं.

यंदा मी ग्रासकटर विकत घेतला. निर्णयाला दोन महिने लागले. त्या काळात तीन देशांतून सल्ले आले, घरात वाद झाले, आणि मी हायस्कूलची उर्दू-मराठीची शिक्षिका असूनही इंजिनांची पुस्तिका परीक्षेच्या तयारीसारखी वाचली. आता शेजारच्या बायका विचारतात, ‘बाई, कुठला घेतला? आम्ही कुठला घेऊ?’ त्यांना तोंडी सांगून दमले, म्हणून हे लिहिते आहे. पण फक्त कुठला घेतला एवढंच सांगितलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. तो कुणी निवडला, हे जास्त महत्त्वाचं आहे.

आधी आवार कसं आहे ते सांगते, कारण यंत्र आवार बघून घ्यायचं असतं. आमची जागा साधारण तीस गुंठे, म्हणजे पाऊण एकर. घर वरच्या अंगाला, विहीर खाली, मध्ये जांभ्या दगडाच्या सतरा पायऱ्या. जमीन एका पातळीत नाही, ती टप्प्याटप्प्याने उतरते. अकरा हापूस, चार रायवळ, नारळ, एक फणस, आणि चारही बाजूंनी दगडाचा गडगा. गवतात कुठे दगड आहे आणि कुठे खड्डा, हे पाऊस संपल्यावर कुणालाच नक्की सांगता येत नाही.

हे गवत नुसतं दिसायला वाईट म्हणून कापायचं नसतं. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. घरात नळ असूनही फजरच्या वेळी मागच्या मोरीवर जाऊन वुजू करायची त्यांची सवय आहे, आणि ती सवय मोडा असं सांगायची हिंमत आमच्यात कुणाचीच नाही. घरापासून मोरीपर्यंत पंचवीस-तीस पावलं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये त्याच वाटेवर, पायरीच्या दगडाला लागून, फुरसं निघालं. वीतभर लांबीचं, पण घोणस, नाग, मण्यार यांच्या रांगेतलं विषारी. दिवसा दगडाखाली, गवतात पडून राहतं आणि अंधारात बाहेर पडतं. रत्नागिरीच्या कातळावर ते काही दुर्मीळ नाही. त्या दिवशी माझ्या हातात टॉर्च होती म्हणून दिसलं. तेव्हापासून दसऱ्याच्या आत वाट मोकळी झाली पाहिजे, हा आमच्या घरातला कायदा आहे.

शाळेत दरवर्षी एक गंमत होते. उर्दू माध्यमातून आलेली मुलं मराठीच्या तासाला ‘गाय घास खाते’ असं लिहितात. मी लाल शाईने ‘गवत’ करते. उर्दूत घास म्हणजे गवत, मराठीत घास म्हणजे तोंडात जातो तो. फळ्यावर दोन्ही शब्द लिहून फरक समजावते खरी, पण आमच्या लहानपणी हा फरक एवढा मोठा नव्हता. परसातलं गवत हा खरोखरच कुणाचा तरी घास होता. सासरच्या या घरात दोन म्हशी आणि बैलजोडी होती असं सासूबाई सांगतात. गवत कापून वाळवायचं, माळ्यावर भरायचं, उन्हाळ्यात वैरण म्हणून काढायचं. उरलंसुरलं भाताच्या राबाला जायचं. परसातलं गवत कुणी न विचारता कापून नेलं तर भांडण व्हायचं. आज तेच गवत ‘घेऊन जा’ म्हटलं तरी नेणारा नाही, कारण म्हशी गेल्या, बैल गेले, राब करणारे हातही गेले. संपत्तीचं ओझं झालं, आणि ओझं म्हटलं की ते उचलणारा माणूस शोधावा लागतो.

आमच्याकडे तो माणूस म्हणजे तात्या. शेजारच्या कुणबीवाडीतले. माझं लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून वर्षातून दोनदा, श्रावणात एकदा आणि दसऱ्याआधी एकदा, तात्या कोयती घेऊन येतात. उकिडवं बसून, डाव्या हाताने गवताची मूठ धरायची, उजव्या हाताने कापायची, आणि बसल्या बसल्याच पुढे सरकायचं. तीस गुंठ्यांना आठ-नऊ दिवस. शेवटी पाचशे रुपये रोज होता, म्हणजे एका बेणणीचे साधारण साडेचार हजार. यंदा श्रावणात ते आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, ‘बाई, गुडघं बसू देत नाहीत. उभ्याचं काम असलं तर सांगा.’

उभ्याचं काम म्हणजे मशीन. बातमी त्याच रात्री कतारला गेली आणि तिथून अमेरिकेला.

माझे धाकटे दीर टेक्सासमध्ये असतात. त्यांनी दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ पाठवला. ते खुर्चीवर बसल्यासारखे हिरव्या रंगाच्या लहान ट्रॅक्टरवर बसलेत, कानाला हेडफोन, आणि यंत्र घराभोवतीच्या हिरवळीवर चटईचे पट्टे आखत चाललंय. ‘भाभी, असं काहीतरी घ्या. अर्धा एकर, चहा पिऊन होईपर्यंत साफ.’

मी थट्टा केली नाही, कारण त्यांच्या जागी ते यंत्र अगदी योग्य आहे. तिकडे घरापुढची हिरवळ ही आवड कमी आणि जबाबदारी जास्त असते. बऱ्याच गावांत गवत ठरावीक इंचांच्या वर वाढलं तर नगरपालिकेची नोटीस येते. उन्हाळ्यात दर आठवड्याला कापावं लागतं आणि मजुरी परवडत नाही. म्हणून बसून चालवायचं यंत्र. त्याच्या पोटाखाली बेचाळीस, अठ्ठेचाळीस किंवा चौपन्न इंच रुंदीचा डबा, त्यात आडवी फिरणारी पाती. किंमत दोन हजार डॉलरच्या पुढे, वजन दोनशे किलोच्या आसपास. गवत कापायच्या यंत्राची सुरुवातही तशाच सपाट हिरवळीसाठी झाली. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावाजवळच्या एडविन बडिंग यांनी पहिल्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापडगिरणीत कापडावरची लव कातरणारं चक्र पाहून त्यांना ती कल्पना सुचली असं सांगतात. म्हणजे मुळातच कल्पना अशी, की जमीन कापडासारखी पसरलेली आहे.

आमची जमीन कापड नाही, गोधडी आहे. बसून चालवायच्या यंत्राच्या पुस्तिकेत साधारण पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर नेऊ नका असं लिहिलेलं असतं, कारण ते कलंडलं तर चालवणारा खाली सापडतो. आमच्या खालच्या टप्प्यावर बकरीसुद्धा तिरकी चालते. त्यात जांभ्याचे दगड, आंब्याची मुळं, सतरा पायऱ्या. दोनशे किलोचं यंत्र पायऱ्यांवरून उतरवायला चार माणसं लागतील, आणि चार माणसं असती तर यंत्र कशाला लागलं असतं? दिरांना हे सगळं फोन फिरवून दाखवलं. ते हसून म्हणाले, ‘भाभी, मी विसरलोच होतो आपलं परसू कसं आहे ते.’ पंधरा वर्षं झाली त्यांना जाऊन. विसरणार नाही तर काय.

कतारचा सल्ला जास्त जड होता. मुलांचे अब्बा म्हणाले, ‘घ्यायचंच तर मोठं घ्या. बावन्न सीसीचं, पाठीवरचं. एकदाच खर्च.’ त्यांनी तिथे बसून तीन-चार व्हिडिओ बघितले होते आणि त्यांच्या बोलण्यात सीसी हा शब्द दर वाक्याला येत होता. पैसे त्यांचे, काळजी खरी, घर त्यांचं. पण ते यंत्र त्यांच्या पाठीवर बसणार नव्हतं.

मग मी वही काढली. पाठाचं टाचण काढताना मी नेहमी आधी ‘विद्यार्थी कोण’ हे लिहिते आणि मग ‘काय शिकवायचं’. तसंच इथे केलं. पहिली ओळ होती, यंत्र उचलणार कोण? उत्तर, बहुतेक वेळा तात्या, वय साठीच्या जवळ, वजन पंचावन्न किलो, गुडघे दुखरे. अधूनमधून वाटेपुरती मी. दुसरी ओळ होती, कापायचं काय? वरच्या अंगाला मऊ गवत आणि टाकळा, खाली भाला गवत आणि रानमोडीची झुडपं. तिसरी ओळ होती, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार आणि ते किती लांब? सीसीची ओळ चौथी आली.

आता यंत्रांचे प्रकार सांगते, म्हणजे दुकानात गेल्यावर गोंधळ होणार नाही.

बॅटरीचा ग्रासकटर हलका असतो, आवाज कमी, धूर नाही. दहा गुंठ्यांच्या आतल्या सपाट अंगणाला तो पुरेसा आहे. पण एका बॅटरीवर काम थोडा वेळच चालतं, झुडूप आलं की त्याची दमछाक होते, आणि आमच्याकडे वीज जाते ती नेमकी पाऊसकाळात.

पेट्रोलवर चालणाऱ्यांत दोन जाती. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. कुठे एक लिटरला २० मिली, कुठे ४० मिली, जे पुस्तिकेत असेल ते. इंजिन हलकं आणि जोमदार, पण मिसळण्याचं माप चुकलं किंवा ऑइल घालायचंच राहिलं तर इंजिन जाम होतं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असतं, पेट्रोल नेहमीचं. धूर कमी, आवाज थोडा कमी, सुरू करायला सोपं. वजन थोडं जास्त. ऑइलची पातळी मात्र दरवेळी बघायची, कारण ते असतंच मुळी कपभर.

पुढचा प्रश्न, यंत्र खांद्याला अडकवायचं की पाठीवर घ्यायचं? खांद्याच्या यंत्रात इंजिन लांब दांड्याच्या मागच्या टोकाला आणि पातं पुढच्या टोकाला. मध्ये पट्टा, त्यामुळे वजन तराजूसारखं तोललं जातं. सपाट जागेवर सायकलसारखं दोन मुठींचं हँडल चांगलं. पाठीवरच्यात इंजिन दप्तरासारखं पाठीला आणि तिथून लवचिक नळीने पुढे दांडा. उंच बांधावर, झुडपात दांडा कसाही फिरवता येतो. पण सगळं वजन मागे असतं.

आणि कापायला काय लावायचं? दोन-तीन धारांचं लोखंडी पातं जाड गवताला, ऐंशी दातांचं चक्र झुडपाला, आणि नायलॉनची दोरी मऊ गवताला, भिंतीलगत, पायऱ्यांजवळ. या दोरीची गोष्ट मला फार आवडली. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थांनी मोटारी धुणाऱ्या यंत्राचे गोल फिरणारे नायलॉनचे ब्रश पाहिले. ते गाडी घासत होते, पण रंगाला ओरखडा येत नव्हता. त्यांनी घरी येऊन पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यातून मासे पकडायची तार ओवली आणि डबा गरागरा फिरवला. झाडाच्या सालीला लागू न देता मुळाशी असलेलं गवत कापलं गेलं. दोरी दगडाला लागली तर झिजते, तुटते, पण लोखंडी पात्यासारखी उसळत नाही. जांभ्याच्या गावात ही गोष्ट सीसीपेक्षा मोठी आहे. तरी दोरीनेही बारीक खडे उडतातच, हे विसरू नका.

दुकानात जाताना मी तात्यांना बरोबर घेतलं. माझा सोळा वर्षांचा मुलगाही होता. दुकानदार भला माणूस, पण सगळी माहिती तो मुलाकडे बघून सांगत होता. प्रश्न मी विचारायची, उत्तर मुलाला मिळायचं. तात्यांकडे तर तो बघतच नव्हता. ते दाराशी उभे होते, चप्पल बाहेर काढून. शेवटी मी म्हटलं, ‘भाऊ, मशीन हे चालवणार आहेत. यांना दाखवा.’

तात्या पुढे आले. मी, मुलगा, मुलांचे अब्बा, आम्ही सगळ्यांनी पहिला प्रश्न विचारला होता तो असा, की हे सुरू कसं करायचं आणि ताकद किती? तात्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हे बंद कसं करायचं?’

दुकानदार एक क्षण गप्प झाला. मग त्याने अंगठ्याशी असलेलं बटण दाखवलं, बोट सोडलं की पातं मंदावतं ते दाखवलं, आणि पट्ट्याची कडी एका झटक्यात सुटते ती दाखवली. तात्यांनी ती कडी पाच-सहा वेळा लावून-सोडून पाहिली. एका मशीनची कडी घट्ट होती. त्यांनी ती बाजूला ठेवली. म्हणाले, ‘पाय घसरला तर हे माझ्या अंगावर नको.’ मग पाठीवरचं बावन्न सीसीचं यंत्र चढवलं, दुकानापुढच्या उतारावर चार पावलं चालले आणि वळून परत आले. ‘मागं ओढतंय. खालच्या टप्प्यावर उलटा पडंन.’ मुलांच्या अब्बांचा सल्ला तिथे चार पावलांत निकालात निघाला.

तात्यांनी निवडलं ते फोर-स्ट्रोक, खांद्याला अडकवायचं, साधारण पस्तीस सीसीचं, आठ किलोच्या आतलं. त्यांनी दोरी ओढून तीनदा सुरू केलं, तीनदा बंद केलं. पट्टा त्यांच्या उंचीला बसवून घेतला, पातं जमिनीला समांतर राहतं का ते पाहिलं. पेट्रोल भरून दहा मिनिटं नुसतं लटकवून उभे राहिले. दुकानदाराला वाटलं ते विचार करताहेत. ते वजन मोजत होते.

यंत्र तीस हजारांच्या जवळ गेलं. बाजारात दहा हजारांच्या आतबाहेरचीही मिळतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण सुटे भाग कुठे मिळतात आणि तालुक्याला दुरुस्त करणारा आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याच वेळी आणखी दोन हजारांचं सामान घेतलं आणि त्यावर मी कुणाशीच वाद घातला नाही. डोळ्यांना जाळीचा नाही, प्लास्टिकचा बंद चष्मा. कानांवर बंद होणारी टोपणं, कारण ही यंत्रं कानाशी नव्वद डेसिबलच्या पुढे ओरडतात. नडगीला पट्ट्या, जाड तळाचे बूट, हातमोजे. हातमोजे नुसते काट्यांसाठी नव्हेत. तासन्‌तास थरथर बसली की बोटं बधिर होतात. यंत्र चालू असताना पन्नास फुटांच्या आत कुणी येता कामा नये, हे पुस्तिकेतलं वाक्य मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून पडवीच्या खांबाला चिकटवलं आहे. उर्दूतही लिहिलं, सासूबाईंसाठी.

खरा वाद यानंतर झाला. फोनवर हिशेब निघाला. आधी नऊ दिवस लागत, आता दोन दिवस. मुलांचे अब्बा म्हणाले, ‘पाचशेने दोन दिवसांचे हजार द्यायचे. बाकीचे वाचले, त्यात चार-पाच वर्षांत मशीन फिटतं.’ हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. पण त्या हिशेबात एक माणूस दिसत नव्हता. तात्यांना एका बेणणीचे आमच्याकडून साडेचार हजार मिळत. गवत तेवढंच आहे, कापलंही तेवढंच जाणार, आणि घरी मात्र ते हजार रुपये घेऊन जाणार. यंत्राने वाचवलेले सगळे दिवस माझे आणि कमी झालेली सगळी मजुरी त्यांची, हे कुठल्या न्यायात बसतं?

मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, रोज नाही, काम. पूर्ण आवाराचे दोन हजार. पेट्रोल धरून मला तो खर्च बाहेरच्या मशीनवाल्याइतकाच पडतो. फरक एवढाच, की बाहेरचा मशीनवाला ऑक्टोबरमध्ये साऱ्या गावाला हवा असतो आणि दिवाळी उलटल्यावर उगवतो. फुरसं तेवढं थांबत नाही. दोन, आमचं काम झालं की तात्यांनी मशीन दुसऱ्यांच्या आवारात न्यावं. पेट्रोल, दोरी, पाती त्यांची, मोठी दुरुस्ती माझी, आणि मशीन बाहेर जाईल त्या दिवसाचे दोनशे रुपये मला.

‘मशीनची वाट लागेल,’ कतारहून आवाज आला.

मी म्हटलं, ‘माळ्यावर ठेवलं तर जास्त लवकर लागेल. तुमच्या मागच्या वर्षीच्या पंपासारखी.’

दोन दिवस आमच्यात फक्त ‘मुलं कशी आहेत’ एवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘तात्यांना बूट बसले का?’ मी समजले.

तात्यांनी दसऱ्याच्या चार दिवस आधी आमचं आवार पूर्ण केलं. त्यानंतर ते चौदा दिवस मशीन घेऊन मोहल्ल्यात आणि वाडीत फिरले. अठ्ठावीसशे रुपये त्यांनी मोजून माझ्या हातात दिले, एका शुक्रवारी कब्रस्तानातली वाट मोकळी केली आणि त्या दिवसाचे पैसे कमिटीकडून घेतले नाहीत. मीही मग दोनशे घेतले नाहीत. ते शिकले तसं मीही शिकले. पायऱ्या आणि मोरीची वाट आता दर तीन आठवड्यांनी मी स्वतः नायलॉनच्या दोरीने साफ करते. पंधरा मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी शेजारच्या गच्चीवर चार बायका उभ्या होत्या. सलवारीवर नडगीच्या पट्ट्या, ओढणी मागे घट्ट बांधलेली, डोळ्यांवर चष्मा. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, ‘आमच्या वेळी हे असतं तर म्हशींना घाबरून दूध आलं नसतं.’ मुलगा अठराचा होईपर्यंत त्याला मशीनला हात लावायची परवानगी नाही. तो रुसलेला आहे, राहू दे.

काही बारीक गोष्टी अनुभवातून सांगते. सुरू करण्याआधी जागेवर एक फेरी मारून दगड, तार, बाटल्या उचला आणि काठीने गवत हलवा. बेडकांना, सापांना निघून जायला वेळ मिळतो. ओल्या गवतात पातं गुंडाळतं, म्हणून ऊन पडल्यावर काम करा. कापलेलं गवत जाळू नका, आंब्याच्या बुंध्यापासून थोडं लांब, गोल पसरा. माती उन्हाळ्यात ओल धरते. गडग्यालगत, जिथे माणसाची वाट नाही तिथे, हातभर पट्टा तसाच राहू द्या. सगळी जमीन आपलीच असली तरी तिथे राहणारे फक्त आपणच नसतो. हंगाम संपला की टाकीतलं पेट्रोल काढून टाका आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्या पावसाळ्यात हवेत पाण्याची कमतरता नसते. आणि टाकळा पहिल्या पावसातच भाजीला काढून घ्या. मशीनला तो फक्त गवत म्हणून कळतो.

परदेशातून येणारा पैसा आमच्या गावांना जगवतो. मी त्याच पैशावर घर चालवते, त्यामुळे त्याला कमी लेखणार नाही. पण पैशाबरोबर निर्णयही पार्सलमध्ये येतात. घराला किती मजले, विहिरीवर कुठला पंप, आवारात कुठलं मशीन. ज्याच्या पाठीला ते लागणार, त्याला कुणी विचारत नाही. तो दाराशी चप्पल काढून उभा असतो. म्हणून ज्या बायका मला विचारतात ‘कुठला घेऊ?’ त्यांना मी कंपनीचं नाव सांगत नाही. मी विचारते, चालवणार कोण आहे? त्यालाच घेऊन जा. पेट्रोल भरलेलं मशीन त्याच्या खांद्यावर दहा मिनिटं राहू द्या आणि तोवर तुम्ही गप्प बसा.

गेल्या महिन्यात मोहल्ल्यातल्या दोन घरांनी मशीन घ्यायला तालुक्याला जाताना तात्यांना बरोबर नेलं. जाण्या-येण्याचं भाडं आणि अर्ध्या दिवसाचा रोज दिला. दुकानदार आता त्यांना बसायला खुर्ची देतो आणि त्यांनी विचारायच्या आधीच बंद करायचं बटण दाखवतो.